इंग्लंडमधल्या चर्चची घंटा वाजवायला शिकायचं असेल तर: पहिल्या दोरीपासून प्लेन हंटपर्यंत

इंग्लंडमध्ये राहायला आलं की रविवारी सकाळी आणि आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी जवळच्या चर्चच्या मनोऱ्यातून येणारा घंटानाद हळूहळू सवयीचा होतो. त्यात गाण्याची चाल सापडत नाही, पण काहीतरी नेमाने बदलत असल्याचं कानाला कळतं. हा आवाज यंत्राचा नसतो. सहा किंवा आठ माणसं एका खोलीत गोल उभी राहून, प्रत्येकी एक दोरी ओढून तो काढत असतात. त्यांना नव्या माणसांची कायम गरज असते, शिकवण्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही, आणि तरीही आपल्यापैकी फार थोडे तिथवर पोहोचतात. ज्यांना जावंसं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण हुशार माणसं नेमकी इथेच अडकतात. घंटांच्या क्रमबदलात गणित आहे आणि ते मोहात पाडतं. पण दोरीवर हात बसेपर्यंत त्या गणिताच्या मागे लागू नका. हात बसला की गणित सहज पेलतं. हात कच्चा असेल तर कागदावर पाठ केलेला सगळा क्रम पहिल्याच ओढीला डोक्यातून निघून जातो.

घंटा नेमकी फिरते कशी

आपल्याकडे देवळातली घंटा जागेवर लटकलेली असते आणि आपण तिचा लोळा हलवतो. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आपल्या देवळांत आलेल्या पोर्तुगीज घंटासुद्धा आज अशाच स्थिर टांगलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये मात्र घंटा स्वतःच फिरते. ती एका आडव्या तुळईला घट्ट बसवलेली असते, तुळईच्या एका बाजूला मोठं लाकडी चाक असतं आणि दोरी त्या चाकावरून छतातल्या भोकातून खाली येते. वाजवण्याआधी घंटा तोंड वर करून उभी केलेली असते. एक ओढ दिली की ती जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा तोंड वर करून थांबू पाहते, आणि त्या फेरीत लोळा एकदाच आदळतो. पुढच्या ओढीला ती उलट दिशेने तशीच फिरते.

वर पोहोचल्यावर घंटा क्षणभर तोलावर असते, आणि सगळी विद्या त्या क्षणात आहे. तिथे किंचित थांबवलं तर तुमचा टोल उशिरा पडतो, तोलापर्यंत न जाऊ देता आधीच वळवली तर लवकर पडतो. एवढ्याच फरकाने घंटा शेजारणीच्या पुढे किंवा मागे जाऊ शकते. पाचशे किलोचं धातूचं धूड मनात येईल तेव्हा वाजवता येत नाही, म्हणून धून वाजवणं शक्य नसतं. पण दर फेरीला एखादी जागा पुढे-मागे सरकणं शक्य असतं. सतराव्या शतकात इंग्रज रिंगरांच्या, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांच्या, हे लक्षात आलं आणि त्यांनी त्यातून क्रम बदलत वाजवण्याची कला उभी केली. फेबियन स्टेडमनचा ‘कॅम्पॅनालॉजिया’ हा ग्रंथ १६७७ चा. त्याच्या नावाची पद्धत, म्हणजे क्रम बदलण्याची ठरलेली रीत, आजही दर आठवड्याला कुठे ना कुठे वाजते.

ताकद किती लागते, हा प्रश्न सगळे विचारतात. तोल साधलेली घंटा हलवायला फारच कमी लागते. दहा-अकरा वर्षांची मुलं आणि ऐंशीच्या घरातल्या आजी एकाच चमूत वाजवताना दिसतात. बेसिंगस्टोकमध्ये १८९६ साली अॅलिस व्हाइट यांनी पूर्ण पील वाजवला. मनोऱ्यातल्या घंटांवर पील वाजवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पील म्हणजे काय ते पुढे येईलच.

मनोरा शोधणं आणि पहिली भेट

इंग्लंडमध्ये अशा पद्धतीने घंटा टांगलेले पाच हजारांहून जास्त मनोरे आहेत. त्यांची सूची रोनाल्ड डव्ह यांनी १९५० साली छापली. ‘डव्ह्ज गाइड’ या नावाने ती आता इंटरनेटवर आहे. गावाचं नाव टाकलं की घंटा किती, सर्वात जड घंटेचं वजन किती, सरावाचा वार कोणता, हे कळतं. वजनं हंड्रेडवेटमध्ये दिलेली असतात. एक हंड्रेडवेट म्हणजे साधारण ५०.८ किलो. शिकायला सहा घंटांचा, पाच ते बारा हंड्रेडवेटच्या आसपास टेनर (सर्वात जड घंटा) असलेला मनोरा उत्तम. लिव्हरपूल कॅथीड्रलचा टेनर चार टनांच्या वर आहे. तो ऐकायला जरूर जा, शिकायला नको.

टॉवर कॅप्टनला, म्हणजे मनोऱ्यातल्या चमूच्या प्रमुखाला, दोन ओळींची ईमेल पाठवा: मी अमुक भागात राहतो, अनुभव नाही, सरावाच्या दिवशी बघायला येऊ का. उत्तर बहुधा त्याच आठवड्यात येतं. ख्रिस्ती असायलाच हवं का, हेही मोकळेपणाने विचारून घ्या. बहुतेक मनोऱ्यांत तशी अट नसते. रविवारी प्रार्थनेच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या वादनाला हजर राहावं, एवढी अपेक्षा मात्र असते आणि ती रास्त आहे, कारण घंटा त्यासाठीच आहेत. तुम्ही खाली प्रार्थनेला बसलात की नाही, हे सहसा कुणी बघत नाही. मूल शिकणार असेल तर पालकांनी सोबत थांबण्याबद्दलचे नियम आधीच विचारा.

मनोऱ्याचा जिना अरुंद, गोल आणि दगडी असतो. दोन्ही हात मोकळे ठेवून चढा. घसरणार नाहीत असे सपाट बूट घाला. ओढणी, मफलर, लांब माळ, सैल बाह्या नकोत. दोरी वेगाने वर जाते आणि वाटेत जे अडकेल ते घेऊन जाते.

वाजवण्याच्या खोलीत गेलात की कुठल्याही दोरीला हात लावू नका, ती कितीही निवांत लटकलेली दिसली तरी. वर घंटा उभी असेल तर नुसत्या धक्क्यानेही ती सुटू शकते. भिंतीकडच्या बाकावर बसा, पाय जमिनीवर ठेवा, पायावर पाय टाकू नका. बाहेर आलेल्या पावलाभोवती दोरीचा फास बसू शकतो. वादन चालू असताना बोलू नका. घंटांच्या खोलीत तर घंटा उभ्या असताना पाऊल ठेवायचं नाही, फोटोसाठीही नाही.

बघत असताना दोरीवरचा लोकरीचा जाड रंगीत भाग शोधा, बहुधा लाल-पांढरा-निळा. ती सॅली. आणि खालचं दुमडलेलं टोक म्हणजे टेल एंड. सॅली धरून दिलेली ओढ हँडस्ट्रोक, टेल एंडची ओढ बॅकस्ट्रोक. दोन्ही मिळून एक पूर्ण जोडी होते. पहिल्या संध्याकाळी एवढं डोळ्यांत बसलं तरी पुरे.

दोरी हातात घेताना

पहिले धडे एकास एक असतात. शिकवणारा समोर उभा राहतो आणि बहुतेक वेळा घंटेचा लोळा बांधून ठेवलेला असतो, म्हणजे गावाला त्रास होत नाही आणि तुम्हीही संकोचत नाही. काही ठिकाणी चाकाजवळ सेन्सर बसवून संगणकावर आवाज ऐकवतात.

सुरुवात बॅकस्ट्रोकने होते. सॅली शिक्षक सांभाळतात, तुमच्याकडे फक्त टेल एंड. दोन्ही हात एकाखाली एक चिकटवून धरा, अंगठे दोरीवर. पाय थोडे फाकवून उभे राहा, गुडघे ताठ नकोत, नजर समोर. दोरी वर जाऊ लागली की हात तिच्याबरोबर जाऊ द्या, पूर्ण डोक्यावर, सरळ होईपर्यंत. वर क्षणभर दोरी हलकी झाल्यासारखी लागेल. तिथून हात नाकासमोरून सरळ खाली, कमरेपर्यंत आणा. झटका नको, एकच लांब ओढ. बहुतेक नवशिके छातीपाशीच ओढ सोडतात. मग दोरी सैल पडून लाटांसारखी हलू लागते आणि घंटेशी संपर्क तुटतो. दोरी दोन्ही प्रवासात ताणलेली लागली पाहिजे. ती सैल झाली की तुम्हाला घंटा कळत नाही.

हे जमलं की हँडस्ट्रोक वेगळा शिकवतात, या वेळी टेल एंड शिक्षकांकडे. सॅली चेहऱ्याच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरा, कमरेपर्यंत ओढा आणि सोडा. हा सोडण्याचा क्षण सगळ्यात महत्त्वाचा. सॅली जमिनीकडे जाते आणि लगेच छताकडे झेपावते. त्या वेळी जो तिला धरून ठेवतो त्याला ती उचलते. परत येताना सॅली खाली जाऊन पुन्हा तुमच्यासमोर वर चढते आणि तिचा वेग मंदावतो. तेव्हा ती पकडायची, हात तिच्याबरोबर वर जाऊ द्यायचे. घाईने खालीच पकडली तर घंटेची उंची मारली जाते.

माझ्या शिक्षिका या टप्प्यावर मला सॅलीकडे बघूच द्यायच्या नाहीत. ‘माझ्या चेहऱ्याकडे बघा, सॅली तुम्हाला कडेने दिसेल,’ असं त्या सांगत. ते खरं आहे. डोळे दोरीच्या मागे वर गेले की पाठ मागे झुकते, ओढ तिरकी होते आणि पुढचा झेल चुकतो. छताकडे बघायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा.

मग दोन्ही ओढी एकत्र. इथे डावा हात टेल एंड कधीच सोडत नाही, सॅली धरतानाही टेल एंड त्याच मुठीत असतं (डावखुऱ्यांनी उलट). पहिल्यांदा चार-पाच ओढी सलग जमतात, मग गोंधळ होतो, शिक्षक हात घालतात. असं बराच वेळ चालतं. हात स्थिर व्हायला एकूण दहा-पंधरा तास धरून चाला. ते सलग आठ-दहा दिवसांत मिळाले तर आठवड्याला वीस मिनिटांपेक्षा कितीतरी लवकर बसतात. म्हणून सुरुवातीला जास्तीची सत्रं मागून घ्या, आढेवेढे घेऊ नका. ‘लर्निंग द रोप्स’ नावाची पाच पातळ्यांची शिक्षणयोजना बऱ्याच मनोऱ्यांत चालते. तिची पहिली पातळी पूर्णपणे या हाताळणीचीच आहे, हे मला फार योग्य वाटतं.

शेवटी घंटा उभी करणं. हँडस्ट्रोकला घंटा तोलाच्या जेमतेम पलीकडे जाऊ दिली की स्टे नावाचा लाकडी दांडा तिला टेकवून धरतो. हा दांडा सहसा अॅश झाडाच्या लाकडाचा असतो आणि मुद्दाम मोडेल इतपतच भक्कम ठेवलेला असतो. जोर लावून घंटा त्यावर आदळली तर दांडा मोडतो, चाक आणि चौकट वाचतात.

काही बिघडलं तर

स्टे मोडला तर वरून मोठा कडकडाट ऐकू येतो, घंटा उलटून फिरतच राहते आणि दोरी सरसर वर ओढली जाते. करायची गोष्ट एकच: दोरी पूर्ण सोडा आणि भिंतीकडे मागे सरा. सावरायचा प्रयत्न करू नका. सॅली हातातून निसटली पण टेल एंड धरलेलं असेल, तर टेल एंडनेच हलक्या ओढी देत राहा आणि शिक्षक काय सांगतात तिकडे लक्ष द्या. मोकळी सुटलेली, वळवळणारी दोरी झडप घालून पकडू नका. शिकवणाऱ्याने ‘सोडा’ म्हटलं की प्रश्न न विचारता सोडायचं, हे पहिल्या धड्याच्या आधीच ठरवून घ्या.

राउंड्स: इथे कान तयार होतो

हात बसला की चमूत उभं राहायचं. सर्वात हलकी, उंच स्वराची घंटा ट्रेबल, सर्वात जड टेनर. वरून खाली १ २ ३ ४ ५ ६ असा उतरता क्रम वाजवणं म्हणजे राउंड्स. ट्रेबलवाला ‘लुक टू’ म्हणतो, सगळे सॅली धरतात. मग ‘ट्रेबल्स गोइंग’, आणि पहिली ओढ पडताना ‘शीज गॉन’. थांबायचा हुकूम ‘स्टँड’.

सहा घंटांची एक ओळ, म्हणजे प्रत्येक घंटेचा एकेक टोल, साधारण दोन सेकंदांत होते, म्हणजे दोन टोलांमध्ये सेकंदाचा तिसरा हिस्सा. तुमची ओढ आणि तुमचा टोल यांच्यात अंतर असतं, त्यामुळे समोरच्याची दोरी हलली म्हणून आपली ओढली, एवढ्याने भागत नाही. दोरी बघून अंदाज घ्यायचा आणि कानाने दुरुस्त करायचा. चौथ्या घंटेवर असाल तर मनात एक ते सहा मोजत राहा आणि ‘चार’ म्हणताना आपला टोल पडतो का ते ऐका. स्वतःची घंटा सहा आवाजांत ओळखणं सुरुवातीला अशक्य वाटतं. बाकावर बसून एकाच घंटेचा पाठलाग करत ऐकण्याचा सराव इथे फार उपयोगी पडतो.

दर दोन ओळींनंतर, पुढचा हँडस्ट्रोक सुरू होण्याआधी, एका टोलाइतकी मोकळी जागा सोडतात. १२३४५६१२३४५६, विराम, पुन्हा १२३४५६१२३४५६. या श्वासामुळे सगळा चमू एका लयीत राहतो. डेव्हनमध्ये परंपरा वेगळी. तिथे ही जागा सोडत नाहीत, ओळी अखंड जोडून वाजवतात आणि क्रम फार न बदलता टोलांच्या नेमकेपणावर जीव ओततात. डेव्हनच्या एखाद्या चांगल्या चमूचं वादन ऐकलं की राउंड्स ही नुसती प्राथमिक पायरी आहे असं पुन्हा वाटत नाही. सुबक राउंड्स मला आजही चुकतमाकत वाजवलेल्या अवघड पद्धतीपेक्षा जास्त आवडतात.

कॉल चेंजेस

आता क्रम बदलायचा, पण सांगण्यावरून. म्होरक्या ‘टू टू थ्री’ म्हणतो. अर्थ: दोन नंबरने आता तीनच्या मागे वाजायचं. १२३४५६ चं १३२४५६ होतं. बदल तिघांना कळावा लागतो: तीन आता एकच्या मागे, दोन तीनच्या मागे, आणि चार दोनच्या मागे. आपलं नाव घेतलं नाही म्हणून चारवाला बेसावध राहतो आणि गडबड तिथूनच होते. पुढे ‘फोर टू फाइव्ह’ म्हटलं की १३२५४६, मग ‘टू टू फाइव्ह’ म्हटलं की १३५२४६. विषम आधी आणि सम नंतर असा हा क्रम ‘क्वीन्स’ म्हणून ओळखला जातो आणि कानाला फार गोड लागतो. काही मनोऱ्यांत हुकमाची रीत उलटी, घंटा पुढे बोलावण्याची असते, म्हणून पाहुणे म्हणून गेलात तर आधी विचारून घ्या.

मागे जाताना एकदाच ओढ थोडी लांबवायची, पुढे येताना एकदाच आखडायची, आणि लगेच मूळ लयीवर यायचं. हे ‘लगेच परत येणं’ जमलं की प्लेन हंटचा दरवाजा उघडला.

प्लेन हंट

इथे कुणी हुकूम देत नाही, प्रत्येक ओळ आपोआप बदलते. चार घंटांवर असं:

१२३४
२१४३
२४१३
४२३१
४३२१
३४१२
३१४२
१३२४
१२३४

एकची वाट बोटाने काढा: पहिली जागा, दुसरी, तिसरी, चौथी, पुन्हा चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. बाकीच्याही हाच रस्ता चालतात, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करतात. कुठलीही घंटा एका ओळीत एकाच जागेपेक्षा जास्त सरकत नाही, कारण जड घंटेला त्याहून जास्त जमणार नाही.

आकड्यांच्या ओळी पाठ करू नका, आपली जागा मोजा. मागच्या जागांकडे जाताना प्रत्येक ओढ किंचित सावकाश: दोरी थोडी वर जाऊ द्या, तोलावर रेंगाळा. पुढे येताना आखूड आणि चपळ. दोन्ही टोकांना दोन-दोन ओढी मूळ लयीत. कुणाच्या मागे वाजायचं ते दोऱ्यांकडे बघून कळायला लागतं. त्याला रिंगर ‘रोपसाइट’ म्हणतात. ती शिकवता येत नाही. सगळ्या दोऱ्या एकदम नजरेत ठेवून, खाली येणाऱ्यांतली शेवटची कोणती ते बघत राहिलं की एका संध्याकाळी ती येते.

आठ ओळींत प्लेन हंट संपतो, पण चार घंटांचे एकूण क्रम २४ होतात. बाकीचे मिळवायला ट्रेबल पुढे परतली की एक लहानसा फेरफार करतात: १३२४ नंतर १२३४ न घेता १३४२ घेतात. ही प्लेन बॉब. असं तीनदा केलं की चोवीसही क्रम, एकही पुन्हा न येता, पुरे होतात. पाच घंटांचे १२०, सहाचे ७२०, सातचे ५,०४०. सातांचे हे सगळे ५,०४० क्रम सलग वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि तेवढ्या लांबीच्या वादनाला पील म्हणतात. नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्टमध्ये २ मे १७१५ रोजी वाजला तो पहिला खरा पील मानतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम लफबरोच्या टेलर घंटा-कारखान्यात १९६३ साली आठ जणांनी एकही माणूस न बदलता वाजवले. त्याला जवळजवळ अठरा तास लागले.

तुमचं पहिलं ध्येय क्वार्टर पील ठेवा: सुमारे १,२६० क्रम, पाऊण तास. त्यात ट्रेबलवर प्लेन हंट वाजवून भाग घेता येतो. दर आठवड्याला येणाऱ्या माणसाला हे एक-दोन वर्षांत आवाक्यात येतं. वाजवल्यावर नावं ‘द रिंगिंग वर्ल्ड’ या १९११ पासून निघणाऱ्या साप्ताहिकात छापून येऊ शकतात.

हळूहळू रविवारखेरीजची वादनंही वाट्याला येतात. लग्नाच्या वादनाला थोडं मानधन मिळतं. नोव्हेंबरच्या स्मृतिरविवारी लोळ्याच्या एका बाजूला चामडं बांधून एक ओळ स्पष्ट आणि पुढची दबलेली अशी वाजवतात. जून १९४० मध्ये शत्रू उतरल्याची खूण म्हणून घंटा राखून ठेवल्या गेल्या आणि देशभर वादन थांबलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या विजयासाठी त्या एकदा वाजल्या, आणि बंदी उठायला १९४३ उजाडलं. जुन्या मनोऱ्यांत भिंतीवरच्या लाकडी फलकांवर पीलच्या तारखा रंगवलेल्या असतात. त्यांत ही मधली पोकळी शोधून बघा.

सुट्टीवर जाल तिथल्या मनोऱ्यात सरावाला जायचा प्रघात आहे. पाहुण्याला दोरी मिळतेच. आदल्या दिवशी निरोप पाठवा, कारण सराव रद्द झाला तर जिन्याचं दार बंद असतं. गेल्यावर आपल्याला काय येतं ते नेमकं सांगा, ‘राउंड्स आणि कॉल चेंजेस, प्लेन हंट चालू आहे’ एवढंच. अनोळखी घंटेवर पहिल्या दोन-तीन ओढी दोरीची लांबी जोखण्यात जातात. टेल एंड लांब वाटलं तर सुरू करण्याआधी गाठ सरकवून मागा, वाजवताना नाही. भारतात सुट्टीवर आलात तर कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यात त्याच लफबरोच्या टेलर कारखान्याच्या आठ घंटा आहेत, आणि पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातही आठ घंटांचा संच आहे. तिथे इंग्लंडसारखा सराव असेल असं गृहीत धरू नका. चर्चच्या कार्यालयात आधी रीतसर परवानगी मागा आणि मगच वर जा.